दावं न सोडलेला कॅमेरा

अकोल्यातल्या एका मोबाइलच्या दुकानदाराने मला फसवलं. दुसऱ्याने वापरलेला कॅमेरा त्याने मला नवा म्हणून विकला, आणि तो मी माझ्या आईच्या घरात लावला. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकीकत ऐकणारे लोक अर्ध्यातच म्हणतात, "पण तुम्ही नीट पाहून घ्यायला हवं होतं." मग माझं डोकं फिरतं. मी पाहूनच घेणारा माणूस आहे. आई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात भाजी घेऊन बसायची, तेव्हा तिच्या शेजारी पोत्यावर बसून मी धंदा शिकलो. बाई मेथीची जुडी कशी उचलते यावरून ती घेणार की नुसती चाळवून जाणार, हे मला शाळेत असतानाच कळायचं. आज अमरावतीत माझा भाजीपाल्याचा ठोक धंदा आहे. तो मला कोणी ताटात वाढून दिलेला नाही.

यंत्रांचं वेड मला पहिल्यापासून. मित्र दारूवर उडवतात तेवढं मी चार्जरवर उडवतो, असं बायको म्हणते. आमच्या अकोल्याजवळच्या भाजीच्या वावरात मी पहिल्यांदा मोबाइलवर चालणारा मोटर स्टार्टर बसवला, तेव्हा आजूबाजूचे शेतकरी पाहायला आले होते. विहिरीवरच्या डब्यात सिमकार्ड, आपण इकडून फोन लावायचा, तिकडे मोटर सुरू. पहिल्या दिवशी मी अमरावतीतून फोन लावला. वडील धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. दांडातून आपोआप पाणी आलं. ते आधी पाण्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी मागे वळून वांग्यांच्या ओळीतून नजर फिरवली. मला फोनवर म्हणाले, "मोटर तं चालू झाली. पन इथं कोनीच नाई नं बे." मला तेव्हा हसू आलं होतं.

वडील गेल्यावर आई जुन्या शहरातल्या घरात एकटी राहिली. अमरावतीला चल म्हटलं की म्हणायची, "तुह्या घरात समदं यंत्रावर चालते. मी कायच्यावर चालू?" तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्याकडे दिवे टाळीवर लागतात, पंख्याला रिमोट आहे, पाण्याची टाकी भरली की एक बाई हिंदीत ओरडते. आई आली की दोन दिवसांत कंटाळायची. म्हणून मी ठरवलं की तिच्या घरी निदान एक कॅमेरा लावू. सिमकार्डवर चालणारा, मान वळवणारा, आणि ज्यातून बोलताही येतं असा.

तो घ्यायला अकोल्यातल्या त्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, कपाळावर गॉगल चढवलेला. आईच्या घरासाठी पाहिजे म्हटलं, भाव ऐकला आणि मी कॅमेरा काउंटरवर उलटा ठेवला. उलटा ठेवला की विकणाऱ्याला कळतं, समोरचा नुसता पाहायला आलेला नाही.

"भाऊ, तुमी तं पार कातडंच सोलून राहिले," तो म्हणाला.

"तुमच्या अंगावर अजून लय शिल्लक आहे."

"कंपनीचाच भाव हाय ना हा. मी काय घरी छापतो काय?"

"मग कंपनीलाच विका. मी चाललो."

मी खरंच पायरी उतरलो. त्याने हाक मारली. एक शेवटचा नग आहे म्हणाला, खोक्याचं सील तेवढं दाखवण्यासाठी फोडलंय, बाकी कोरा. बिल नको असेल तर तुमच्या भावात देतो. बिल नको असं सगळेच म्हणतात, मीही म्हटलं. मी कॅमेरा हातात घेऊन पाहिला. काच स्वच्छ होती, खरचटलेलं नव्हतं, वायर गुंडाळलेली होती. यंत्रात आणखी काय पाहतात, ते मला कोणीतरी सांगावं.

माझ्या फोनवर तो जोडताना त्याचं काहीतरी अडलं. दोन-तीनदा त्याने खटपट केली, मग स्वतःचा फोन घेऊन बाहेर पायरीवर गेला आणि कोणाशी तरी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की बोलताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आत आला, माझ्या फोनवर बोट फिरवलं, आणि पडद्यावर त्याच्या दुकानाचं छत दिसायला लागलं. "झालं साहेब. आता बसल्या जागी मायवर नजर ठेवा." हे वाक्य तेव्हा मला आवडलं होतं.

कॅमेरा मी पुढच्या खोलीत दाराच्या चौकटीवर लावला. समोर आईचा दिवाण, उजवीकडे स्वयंपाकघराचा उंबरठा. पहिले काही दिवस तिने त्याच्यावर ओलं फडकं टाकून ठेवलं. मी फोन करून ओरडलो. फडकं काढायची, फोन ठेवला की परत टाकायची. ती म्हणायची, "थो पायते. मले लाज वाटते." यंत्राला कसली लाज, असं मी तिला समजावलं. समजावलं म्हणजे, आवाज चढवून सांगितलं. माझा आवाज तसाच आहे. बाजारात हळू बोलणाऱ्याचा माल सडतो.

मग एक दिवस फडकं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, म्हातारी सरावली.

दुपारी धंदा थंडावला की मी ॲप उघडून पाहायचो. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी माणसं दारं लावून घेतात, गल्लीत कुत्रंही दिसत नाही, फक्त कूलरांची घरघर असते. पडद्यावर आई दिवाणावर दिसायची. बहुतेक वेळा ती कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेली असे आणि तिचे ओठ हलत. आवाजाचं बटण मी बंद ठेवायचो, दुकानात हमालांचा गलका असतो. मला वाटायचं, नामस्मरण चाललंय. एकदा ती शेंगा सोलत होती आणि मध्येच पदर तोंडाला लावून हसली. एकटं माणूस असं हसत नाही, हे मला तेव्हा खटकलं, पण तेवढ्यात गाडी आली आणि मी उठलो.

आणखी दोन गोष्टी होत्या. मी कॅमेरा दिवाणाकडे वळवून ठेवायचो, पण पुन्हा उघडला की तो उंबरठ्याकडे पाहत असायचा, जिथे आई भाजी निवडायला बसते. वीज गेली की मान आपोआप वळत असेल, असं मी धरून चाललो. आणि पडद्याच्या कोपऱ्यात डोळ्याचं बारीक चिन्ह होतं, त्याच्यापुढे दोन असा आकडा. पाहणारे दोन. माझ्याकडे दोन फोन आहेत, दोन्हींत ॲप आहे. मी हिशेब जुळवून टाकला.

मग एका संध्याकाळी मी फोनवर विचारलं, "माय, जेवली काय?"

ती म्हणाली, "सांगतलं नं सकाळी. डाळभाजी केली म्हनून."

"सकाळी मी कुठे बोललो?"

"बोललास नं बाप्पा. भिंतीवरून."

मी बायकोला सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, या वयात होतं असं. डॉक्टरांना दाखवू." आईला अमरावतीला आणलं. डॉक्टरांनी तिला वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. तिने सगळं बरोबर सांगितलं, आणि वर डॉक्टरांनाच विचारलं, "साहेब, तुमी वांगे कोन्त्या भावानं आनले? कोनीतरी तुमाले लुटून राहिलं." डॉक्टर हसले. डोकं एकदम ठणठणीत आहे म्हणाले.

परतताना गाडीत मी तिला पुन्हा विचारलं की भिंतीवरून मी काय काय बोलतो. ती खिडकीबाहेर पाहत सांगत गेली. गोळी घेतली का विचारतोस. पाय दुखतात का विचारतोस. बाजाराच्या जुन्या गोष्टी सांग म्हणतोस.

"आवाज तुहा पातळ होते त्याच्यातून," ती म्हणाली. "आन् एक गोठ चांगली झाली. आता तू दंडवत करतं."

मी गाडी बाजूला घेतली.

आमचं घर महानुभावी. आमच्यात माणूस भेटला की दंडवत प्रणाम म्हणतात. आई वर्षातून एकदा रिद्धपूरला, आमच्या पंथाच्या तीर्थाला, जाऊन येते, आणि दारात आलेल्या भाजीवालीलाही तिचं दंडवत असतं. मी धंद्यात पडल्यापासून नमस्कारावर आलो, मग नुसत्या 'हां बोला'वर. आईने कधी टोकलं नाही. पण गेल्या कित्येक वर्षांत मी तिला दंडवत प्रणाम म्हटलेलं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिलाही होतं.

"मी नाही म्हणत, माय."

"भिंतीवरून म्हनतं. आन् त्याच्यातून तुले रागच येत नाई कधी." हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, पण तिचा चेहरा मऊ झाला होता. त्या चेहऱ्याने मी इतका गोंधळलो की पुढे काही विचारलंच नाही. तिला अकोल्याला सोडलं आणि दारातूनच परत फिरलो. चौकटीवरचा कॅमेरा बाहेरून दिसत नव्हता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आधी वाटलं, ॲपमध्ये कुठलीतरी आपोआप बोलणारी सोय असेल, म्हाताऱ्यांची चौकशी करणारी. असल्या सोयी असतात. दोन दिवस मी तीच शोधत होतो. नव्हती. मग आईला न कळवता अकोल्याला गेलो.

गाडी मोर्णा नदीच्या अलीकडेच लावली आणि पूल चालत ओलांडला. दुपारची वेळ. गल्लीत माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटत होता. दार नुसतं लोटलेलं होतं. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. माझे दोन्ही फोन माझ्या खिशात होते, दोन्ही बंद.

आतून आवाज आला. पुरुषाचा, सावकाश, आमच्याच बोलीतला. "मंग थ्या बाईनं जुडी वापस ठेवली काय?"

आई म्हणाली, "वापस कायची ठेवते! मीच म्हटलं, ठेव खाली. चिमटून चिमटून मेथीचा जीव घेतला तिनं."

तो हसला. हे मी आजही विसरू शकत नाही. खोटं हसू मला ओळखता येतं, माझा धंदाच तो आहे. ते हसू खरं होतं.

"गोळी घेतली काय, माय?"

"घेतो नं. थांब जरासा."

मी दार ढकललं. "कोण आहे बे?"

आवाज थांबला. आई दिवाणावर होती, हातात पाण्याचा गिलास. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावर, चौकटीकडे. मी आत येऊन वर पाहिलं. कॅमेऱ्याचं तोंड तिच्याकडे होतं. बारीक किरकिर झाली आणि त्याने मान वळवायला सुरुवात केली. सावकाश, थोडा थांबत, जसा माणूस नको असताना वळून पाहतो तसा. माझ्यावर येऊन थांबला. मी त्या काचेत पाहत होतो आणि काचेत कोणीच नव्हतं, माझीच आकृती होती, वाकडी, लहान.

तो म्हणाला, "दंडवत प्रणाम." मला म्हणाला की तिला, सांगता येत नाही. मग त्याचा हिरवा दिवा विझला.

आईने गिलास खाली ठेवला.

"तू इथं हायेस," ती म्हणाली. "मंग थो कोन व्हय?"

मी स्टुलावर चढून कॅमेरा उपटला. प्लास्टर निघालं. तिचं पुढचं वाक्य मी पाठमोरा असताना आलं. "हळू रे. त्याले लागन."

आमच्याकडे बैल विकला की विकणारा आपलं दावं सोडून घेतो. घेणाऱ्याने स्वतःचं दावं आणायचं. जुनं दावं गळ्यात राहिलं तर जनावर नव्या गोठ्यात उभं राहतं, पण कान जुन्या घराकडे ठेवतं, असं वडील म्हणायचे. एवढी यंत्रं घेतली, पण विकणाऱ्याने त्याचं दावं सोडलं की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. कोणीच विचारत नाही. खोकं आपलं, वायर आपली, भिंत आपली, म्हणून यंत्र आपलं, असं आपण समजतो. त्या कॅमेऱ्याचा मालक पहिल्यापासून दुसराच होता, त्याच्याच खात्यावर तो बांधलेला होता. मी होतो पाहुणा. दुकानदाराने पायरीवरून फोन करून माझ्यासाठी पाहण्याची परवानगी मिळवली होती. स्वतःच्या आईला पाहण्याची.

कॅमेरा माझा नाही हे मला कंपनीच्या मदतवालीने सांगितलं, फार गोड आवाजात; पायरीवरच्या फोनचा अर्थ मग मीच लावला. "सर, हे उपकरण आपल्या नावावर नाही."

"मग कोणाच्या नावावर आहे?"

"ती माहिती आम्ही देऊ शकत नाही, सर. ग्राहकाच्या गोपनीयतेचा प्रश्न आहे."

"माझ्या आईच्या गोपनीयतेचं काय?"

"त्या आमच्या ग्राहक आहेत का, सर?"

मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी माझ्या तीन हमालांना घेऊन त्या मोबाइलच्या दुकानात गेलो आणि तिथे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानदाराने गॉगल डोळ्यांवर घेतला. डेमोचा नग होता म्हणाला, कोणाला फोन केला आठवत नाही म्हणाला, रोज पन्नास फोन होतात. "बिल आना, मंग बोलू." पोलीस ठाण्यात गेलो, तिथेही बिलापासून सुरुवात झाली. काय चोरीला गेलं, हा दुसरा प्रश्न. काहीच गेलं नाही, असं मला सांगावं लागलं. आईचं सोनं जागेवर होतं, पेटीला कुलूप होतं, घरात पाऊलही कोणी टाकलं नव्हतं. हवालदार म्हणाला, "मग तक्रार काय लिहू? गोळीची आठवण करून दिली म्हणून?"

सगळ्यात भीतीची गोष्ट हीच आहे, आणि ती मला कोणाला पटवता येत नाही. त्याने काही नेलं नाही. पैसे मागितले नाहीत, ओटीपी मागितला नाही. त्याने ऐकलं. येणाजाणाऱ्यांचं दंडवत ऐकून तो दंडवत शिकला असेल, आमची बोली तर त्याचीच असेल. पण कशासाठी? महिनोन् महिने एका म्हातारीचा बाजार कोण ऐकत बसतं? मी फुकट काही देणारा माणूस अजून पाहिलेला नाही. त्याला काय मिळत होतं, हे कळलं असतं तर मला झोप लागली असती.

आई आता घरात आहे, चौकटीवर चार भोकं आहेत. मी रोज फोन करतो. पहिल्यासारखं नाही, हळू बोलतो, ठरवून. तर एक दिवस मी म्हटलं, "माय, गोळी घेतली काय?" तिने उलट विचारलं, "तू कोनता?"

"मी, माय. मीच."

"थोही असंच म्हने."

मी वडिलांचं नाव घेतलं, विहीर सांगितली, पोत्यावर बसायचो ते सांगितलं. ती म्हणाली, हे तं म्या त्यालेही सांगतलं. तिने त्याला सगळंच सांगितलेलं आहे. मला सांगितलं नाही तेही. मी तिला पटेल असं जे जे सांगू शकतो, ते सगळं त्याच्याकडे आधीच आहे.

"मग ओळखशील कशी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "रागाव पाहू."

आणि मी माझ्या आईवर ओरडलो. अमरावतीच्या बाजारात, हमालांसमोर, फोनमध्ये तोंड घालून, मूर्ख म्हातारी म्हणून ओरडलो. पलीकडे तिचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. "हां," ती म्हणाली, "आता तू." तेव्हापासून रोज असंच चालतं. आधी मी ओरडतो, मग आम्ही बोलतो. बोलणं संपताना ती न चुकता विचारते, "त्याचं काई समजलं काय? बिमार गिमार तं नसन?"

म्हणून हे लिहिलं. दुकानदारा, तुला बिल पाहिजे ना, बिल नाही. माझ्याकडे तुझी पायरी आहे आणि त्या पायरीवर तू केलेला एक फोन आहे. तू ज्याच्याशी बोललास, ज्याला माझ्याकडे पाहून मान हलवलीस, तो माणूस तुला ठाऊक आहे. जुन्या शहरात ये. दुपारी ये, आई जागी असते. तिच्या दिवाणासमोर उभा राहा आणि तिला सांग, तो कोण होता. मला सांगू नकोस. तिला सांग.